शेकायची बाजू

१

त्या गल्लीत त्याला सगळे कडक म्हणत. इस्त्रीचं दुकान, म्हणून कडक. बाकी माणूस म्हणाल तर पिळून ठेवलेल्या रुमालासारखा. गिऱ्हाइकाने जरा आवाज चढवला की हा दोन पावलं मागे सरकणार, नको तेव्हा हसणार, आणि वर त्याच गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला अशी घडी घालून देणार की तिने लोणी कापावं. शेजारची शिंपीणबाई म्हणायची, "कडकराव, तुम्हाला एकदा खळीत बुडवून दोरीवर टाकायला हवं. निदान ताठ उभे तरी राहाल."

दुकान म्हणजे दोन खोल्या, एकीच्या पोटात दुसरी. पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल. मागच्या खोलीत त्याचा संसार: एक खाट, एक शेगडी, भिंतीला टेकवलेली पत्र्याची लांब पेटी आणि पेटीच्या वर आडवा लोखंडी दांडा. त्या दांड्यावर लोकांनी टाकलेले आणि परत न नेलेले कपडे. माणसं कपडे टाकतात आणि विसरतात, गाव सोडतात, जाड होतात, मरतात. कपडे मात्र कडक इस्त्रीत वर्षानुवर्षं वाट बघत लटकतात. सतरा होते. एक लांब कोट तर इतका जुना की त्याचा मालक आला असता तर कडकनेच त्याला ओळखलं नसतं.

आणि या कपड्यांच्या समोर, खिडकीपाशी, जाळीचा उभा पिंजरा. पिंजऱ्यात रंग बदलणारा सरडा.

सरडा लेकीचा. लेक दोन वर्षांपूर्वी दूरच्या शहरात कामाला गेली, जाताना म्हणाली, "बाबा, तेवढा याला सांभाळा, तुमच्याशिवाय कुणावर टाकू?" तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला तिचा फोन यायचा, तोंड दिसणारा. पहिलं वाक्य ठरलेलं. "बाबा, दाखवा." मग कडक फोन पिंजऱ्यासमोर धरून उभा राहायचा. नऊ मिनिटं चालायचा फोन. त्यातली सात सरड्याची, दोन बापाची. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, ठेवू मग?

एकदा सरडा चार दिवस काही खाईना, तर फोन दिवसातून दोनदा आला होता. कडकला इतकं बरं वाटलं की सरडा खायला लागला तेव्हा याचंच तोंड उतरलं. मग स्वतःचीच लाज वाटून त्याने सरड्याला जास्तीचा नाकतोडा दिला.

तर हिशेब असा सरळ होता. सरडा आहे तोवर फोन आहे. आणि कोपऱ्यावरच्या मासेवाल्याने, म्हणजे काचेच्या पेटीतले शोभेचे मासे आणि असलं काहीबाही विकणाऱ्या माणसाने, एकदा सहज सांगून टाकलं होतं की ही जात पाच-सहा वर्षं जगते. लेकीच्या सरड्याला चार झाली होती.

२

सरड्याचं शास्त्र कडकला मासेवाल्यानेच शिकवलं होतं, आणि कडकला ते पटकन कळलं, कारण आयुष्यभर त्याने दुसरं केलं काय? गरम आणि गार.

"काका, लोक म्हणतात हा पानात लपायला रंग बदलतो. काही नाही हो," मासेवाला म्हणाला होता. "हा रंग बदलतो तो स्वतःच्या तब्येतीने. चिडला की अंगावर पट्टे येणार, घाबरला की बदलणार. आणि मुख्य म्हणजे थंडी वाजली की काळा पडणार. काळा रंग ऊब पितो."

"काळी पँट आधी वाळते. मला सांगताय?"

"तेच. सकाळी दिवा लावलात की हा दिव्याकडे कूस करणार, अंग पानासारखं चपटं करणार, आणि फक्त तेवढीच कूस काळी करणार. दुसरी हिरवीच. पोटभर शेकून झालं की सगळा फिका. आणि तोंड वासलं तर समजा जास्त झालं, दिवा लांब करा. याला स्वतःला भाजल्याचं लवकर कळत नाही. सरडा आहे, सदरा नाही. शेकायचा, भाजायचा नाही."

त्याप्रमाणे सगळं सुरळीत चाललं होतं. सकाळी साडेसातला कडक पिंजऱ्याच्या डाव्या अंगाचा दिवा लावायचा, कपड्यांवर पाणी मारायच्या बाटलीनेच पिंजऱ्यातल्या झाडावर फवारा मारायचा, की सरडा काळी कूस दिव्याला दाखवून बसायचा. तासाभराने हिरवा. रोज. लोकांनी उगाच याच्या रंगांना नावं ठेवलीत; गल्लीतल्या कुठल्याही गिऱ्हाइकापेक्षा हा जास्त इमानी होता.

एका मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला कडक पाणी प्यायला मागे आला. दिवा चालू. सरडा फांदीवर, अंग चपटं, शेकायला बसलेला. कडकने पाणी प्यायलं, पेला पालथा घातला आणि मग परत वळून बघितलं.

दिव्याकडची कूस हिरवीगार होती. काळी होती ती दुसरी. खोलीकडची. पेटीकडची.

३

आता तुम्ही म्हणाल, असेल. कडकही तेच म्हणाला. त्याने आधी दिव्याला हात लावला. त्याच्या तळव्यांना छत्तीस वर्षांत घट्टे पडले होते, ते तापल्या इस्त्रीलाच काय ते दाद देत. तरी दिवा गरम होता एवढं त्यांनाही कळलं. खिडकी उत्तरेची, तिच्यातून ऊन कधी आलंच नव्हतं. शेगडी बंद. पेटीच्या मागची भिंत शिंपीणबाईच्या दुकानाची, तिला हात लावला तर नेहमीसारखी ओलसर गार.

मग त्याला वाटलं, बाईचीच थट्टा असणार. शिंपीणबाईला थट्टेचा भारी सोस. एकदा तिने त्याच्या इस्त्रीच्या ढिगात एक बिनबाह्यांचा, बिनगळ्याचा सदरा शिवून सरकवला होता, आणि या भल्या माणसाने तो इमानेइतबारे इस्त्री करून घडी घालून ठेवला होता.

"बाई, माझ्या मागच्या खोलीत काही केलंत का?"

तिने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "तुमच्या मागच्या खोलीत करण्यासारखं काय आहे, कडकराव? तुम्ही तर दिवसभर पुढे असता."

"तसं नाही. भिंतीत काही गरम बसवलंय का?"

"माझ्या भिंतीत गरम काही असतं तर मी या कुडकुडत्या खोलीत शाल पांघरून का शिवलं असतं? आधी बसा. तोंड बघा केवढंसं झालंय."

तो बसला नाही. मासेवाल्याकडे गेला. मासेवाला एका माशाला जाळीने पकडत होता, त्याने मान वर केली नाही.

"उलटी बाजू काळी? चिडला असेल."

"चिडल्यावर अंगावर पट्टे येतात, तुम्हीच सांगितलं. हा निवांत बसला होता. शेकायला बसतो तस्सा."

"मग त्या बाजूला काहीतरी गरम असणार."

"काही नाही तिकडे. पेटी आहे. कपडे आहेत."

"काका, तुम्हाला नाही दिसलं तर नाही असं थोडंच?" मासेवाला हसत म्हणाला. त्याच्या बापजन्मात तो इतकं खरं बोलला नसेल. "तापमापक लावा तिकडे. सरडा खोटं बोलत नाही, आणि तापमापकही बोलत नाही. दोघांची गाठ घाला."

कडकने तापमापक घेतला. पेटीवर ठेवला, तास वाट बघितली. एकवीस. पिंजऱ्यामागे ठेवला. एकवीस. पुढच्या खोलीत, एकवीस.

आणि सरडा, तीन वाजून गेल्यावर, पेटीकडे कोळशासारखी कूस करून, डोळे अर्धे मिटून, समाधानाने शेकत होता.

४

सहाला फोन आला.

"बाबा, दाखवा."

कडकने फोन पिंजऱ्याच्या डाव्या अंगाने नेला आणि तिथूनच धरला. तिथून फक्त हिरवी कूस दिसत होती.

"आज काय सुंदर हिरवा दिसतोय हो. दुसऱ्या बाजूने दाखवा ना."

"तिकडून उजेड डोळ्यावर येतो," कडक म्हणाला. लेकीशी तो आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला, तेही सरड्याच्या कुशीपायी. पण खरं सांगून काय होणार होतं? ती म्हणणार, बिघडलंय त्याचं काही, कुणा जाणत्याकडे द्या. एकदा पिंजरा दाराबाहेर गेला की सहा वाजले काय आणि न वाजले काय.

"जेवलात?"

"जेवलो."

"ठेवू मग?"

दुसऱ्या दिवशी त्याने कपड्यांचा नंबर लावला. आपल्या धंद्याचा माणूस, त्याला वाटलं दोष कापडात असणार. एकेक कपडा दांड्यावरून काढायचा, पुढच्या खोलीत न्यायचा आणि सरडा बघायचा. लोकरी कोट काढला, सरडा तसाच. दोन साड्या, एक शाळेचा गणवेश (त्यातलं पोर आता बाप झालं असेल), एक लग्नाचा सदरा. सतराच्या सतरा कपडे पुढे नेले. मागे उघडा दांडा राहिला, खाली पेटी, आणि भिंतीवर कपड्यांनी झाकलेला चुन्याचा स्वच्छ चौकोन.

सरड्याने कूस बदलली नाही. एक डोळा दिव्याकडे, एक पेटीकडे. सरड्याचे डोळे दोन दिशांना फिरतात, त्यात नवल नाही. पण दिव्याकडचा नेहमीसारखा गोल गोल फिरत होता. पेटीकडचा फिरत नव्हता.

५

मग कडक घड्याळ बघायला लागला. सकाळी सगळं ठीक. दुपारी दोनपर्यंत ठीक. तीनला, कधी सव्वातीनला, सरडा फांदीवर पाय मोजत मोजत वळायचा आणि पेटीकडची कूस काळी करायचा. सहापर्यंत तसाच. फोन झाला की कधीतरी सातच्या आत रंग उतरायचा.

म्हणजे कुणीतरी तीनला येतं, बसतं आणि सातला जातं. असं कडक मनात म्हणाला आणि स्वतःवरच रागावला. कुणीतरी कसलं? एकवीस अंशाला कुणीतरी बसतं का?

तरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पहिल्यांदा त्याच्या मनात भीती आली नाही. पहिल्यांदा मनात बायको आली. तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्याने पुढच्या खोलीतून, इस्त्री न थांबवता, अगदी हळू आवाजात विचारलंसुद्धा, "तू आहेस का?" आणि लगेच कळलं की नाही. बायको आयुष्यात कधी दुसरा माणूस काम करत असताना बसून राहिली नव्हती. ती आली असती तर आधी सतरा कपडे जागेवर लावले असते, मग याला चार शब्द सुनावले असते. हे जे होतं ते नुसतं बसायचं. आणि इस्त्री करताना कडकची पाठ मागच्या खोलीकडे असायची. छत्तीस वर्षं तशीच असायची. या आठवड्यात मात्र ती पाठ त्याला दिवसभर जाणवायला लागली, जशी एखादी बाही उलटी राहिली की जाणवते.

शुक्रवारी सहाला तो फोन धरून पिंजऱ्यासमोर उभा होता. लेक तिकडे तिच्या कामाच्या ठिकाणची गंमत सांगत होती, कुणीतरी चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधत होतं. ती हसली. तिचं हसू मोठं, खोलीभर पसरणारं.

सरडा वळला.

त्याने फांदीवरचा मागचा पाय सोडला, पुढे ठेवला, परत सोडला. पेटीकडची कूस हळूहळू फिरत आली आणि कडकच्या डाव्या खांद्यापाशी थांबली. खांद्यावर नव्हे. खांद्याच्या मागे, वीतभर.

"बाबा, तुम्ही ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"मग हसला का नाहीत?"

तो हसला. मान मात्र वळवली नाही. उत्तरेच्या खिडकीच्या काचेत आपल्यामागचं थोडंफार दिसलं असतं. तिकडेही त्याने बघितलं नाही. सरड्याकडेच बघत राहिला. तो काळाकुळकुळीत होत गेला.

६

तापमापकाला जे कळत नाही ते ओल्या कापडाला कळतं. हे कुठल्या पुस्तकात नाही, पण इस्त्रीवाल्याला विचारा. ओली चादर पसरली की ती कुठे आधी वाळते यावरून तो खोलीतला वारा सांगेल, भिंतीतली चूल सांगेल, चादरीवर मांजर बसून गेलं असेल तर मांजराची जातसुद्धा सांगेल.

शनिवारी दुपारी अडीचला कडकने एका गिऱ्हाइकाची मोठी पांढरी चादर बादलीत बुडवली, नुसती निथळू दिली आणि उघड्या दांड्यावरून खाली सोडली. दांड्यावरून भिंतीलगत खाली, पेटीवरून आडवी, पेटीच्या कडेवरून जमिनीपर्यंत. मग पुढे येऊन एकामागोमाग नऊ सदरे इस्त्री केले. नऊही पुन्हा करावे लागले असते अशा घड्या पडल्या.

साडेचारला मागे गेला.

सरडा पेटीकडे काळा होता. चादर ओली होती. दांड्याजवळ ओली, दोन्ही बाजूंना ओली, जमिनीपाशी पाणी ठिबकत होतं. मधे वाळली होती.

भिंतीवर पाठ वाळली होती. रुंद, सरळ, खांद्यापाशी जरा वाकलेली. पाठीच्या वर ओल होती, आणि त्या ओलीत वरती, दांड्याला लागून, पुन्हा एक गोल वाळलेला. पाठ आणि गोल यांच्यामधलं अंतर मानेला असतं त्याहून जास्त होतं. पेटीवर बैठक वाळली होती. आणि पेटीच्या कडेला, जिथे चादर खाली वळत होती तिथे, हात. कड धरलेला एकच हात, माणूस उठायच्या बेतात असला की धरतो तसा. बोटं अगदी स्वच्छ उमटली होती. कडकने ती मोजली नाहीत. डोळ्यांनी मोजायला सुरुवात केली होती, पाच झाल्यावर त्याने नजर काढून घेतली.

सगळी आकृती पुढच्या खोलीकडे वळलेली होती. इस्त्रीच्या टेबलाकडे.

कडकने काय केलं सांगू? त्याने चादर ओढून काढली, पुढे नेली, टेबलावर पसरली आणि इस्त्री केली. संध्याकाळी गिऱ्हाईक घेऊन गेलं. ते बिचारं अजून त्याच चादरीवर झोपत असेल.

७

सोमवारी कडक सकाळपासून गिऱ्हाइकांकडे बघून एकदाही हसला नाही. दुपारी तीनला त्याने मागच्या खोलीत जायचं टाळलं. साडेतीनला टाळलं. पावणेचारला मागून टप्प असा आवाज आला, पिकलं फळ पडावं तसा.

सरडा फांदीवरून खाली पडला होता. पिंजऱ्याच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात जाळीला चिकटून, दिव्याच्या बुडाशी. अंगात रंग म्हणून उरला नव्हता. पांढुरका, जुन्या दुधासारखा. तोंड वासलेलं. घसा धपापत होता. उजवीकडच्या जाळीलगतच्या झाडाची पानं वळून कुरकुरीत झाली होती, डावीकडची तजेलदार होती.

कडकने दिवा विझवला. काही फरक पडला नाही, कारण भाजत होतं ते दिव्याने नव्हतंच. तापमापकाकडे सवयीने नजर गेली. एकवीस.

आता इथे कडकला एक क्षण लागला, आणि तो क्षण कशात गेला हे सांगणं वाईट, पण खरं आहे. सरडा इथून हलवला तर लेकीला सांगावं लागेल. सांगितलं की फोनचं काय होईल? एवढा विचार त्याने त्या तोंड वासलेल्या जिवासमोर उभं राहून पुरा केला. मग दार उघडून हात आत घातला. पिंजऱ्याच्या उजव्या जाळीपाशी हात नेताना घट्ट्यांच्या तळव्याला काही कळलं नाही. मनगटावरचे केस मात्र करपल्याचा वास आला.

त्याने सरडा सदऱ्याच्या आत छातीशी धरला आणि चपला न घालता शेजारी गेला.

"बाई, याला इथे ठेवा."

शिंपीणबाईने आधी त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या मनगटाकडे, मग सदऱ्यातून डोकावणाऱ्या डोळ्याकडे. थट्टा तिच्या ओठावर आली असणार, पण तिने ती गिळली. "ठेवा त्या कापायच्या टेबलावर. पाणी आणते."

८

आणि गंमत बघा, चार दिवस अगदी सुखाचे गेले.

शिंपीणबाईच्या दुकानात सरडा पुन्हा सरड्यासारखा वागायला लागला. सकाळी दिव्याकडची कूस काळी, तासाने हिरवा, दुपारी तीनला हिरवा, सहाला हिरवा. लेकीला कडकने सांगितलं की माझ्या खोलीत गारठा फार आहे म्हणून इकडे हलवलाय. फोन बंद झाला नाही. उलट लांबला, कारण आता शिंपीणबाईही मधे तोंड घालायची. "तुझा बाप सरड्याला जेवू घालतो आणि स्वतः उपाशी बसतो," असं तिने परस्पर सांगून टाकलं. लेक ओरडली. कडकला ते ओरडणं असं गोड लागलं की काय सांगावं. फोन एकोणीस मिनिटं चालला.

पिंजरा आणि दिवा बाईकडे हलवताना कडकने खाटही पुढच्या खोलीत ओढून आणली होती. त्यानंतर मागच्या खोलीत तो गेलाच नाही. तिथे तीन वाजता काय होत होतं, कोण जाणे. दाखवायला कुणी नव्हतं.

पाचव्या दिवशी तो गिऱ्हाइकांच्या बाकावर बसला होता, पिंजऱ्याच्या बाजूच्या टोकाला. शिंपीणबाई समोर मशीनवर. सहाला फोन आला. त्याने फोन पिंजऱ्याकडे धरला.

"अय्या, बाबा, बघा. तुमच्याकडे वळलाय. तुमची बाजू काळी केलीय त्याने. तुमची ऊब घेतोय हो, ओळखलं त्याने तुम्हाला."

कडकने बघितलं. सरड्याची बाकाकडची कूस कोळशासारखी झाली होती. दिव्याकडची हिरवी.

तो हळूच उठला. फोन हातात धरून दारापर्यंत चालत गेला, जसा माणूस आवाज नीट येत नाही म्हणून उठतो. उंबऱ्यावर उभा राहून त्याने वळून बघितलं. तो आता बाकावर नव्हता. सरडा बाकाकडेच काळा होता. बाकाच्या दुसऱ्या जागेकडे, जी रिकामी होती.

"बाबा, ऐका ना. मला एक सांगायचंय, दोन दिवस पोटात ठेवलंय. सुट्टी मिळाली. रविवारी येतेय मी. तीन आठवडे. तुमच्या मागच्या खोलीत झोपणार, काही कारणं सांगायची नाहीत."

दोन वर्षं तो या वाक्याची वाट बघत होता. रोज सहाला, फोन उचलताना, याच वाक्यासाठी.

सरड्याने मागचा पाय सोडला. पुढे ठेवला. परत सोडला. बाकाकडून ती काळी कूस निघाली, मशीनवरून गेली, शिंपीणबाईच्या डोक्यावरून गेली, बाईने शाल ढिली केली आणि पदराने मान पुसली. कूस दाराच्या दिशेला येऊन थांबली. सरड्याचे दोन्ही डोळे, जे एरवी एका जागी बघत नाहीत, एका जागी बघत होते. कडककडे नव्हे. कडकच्या हातातल्या फोनकडे, आणि फोनपाशी जे वाकलं होतं त्याच्याकडे.

कडकच्या मनात तेव्हा सगळं आपोआप जुळलं. तीनला का यायचं ते. सहाला का उठायचं ते. तेही त्याच्यासारखंच दुपारभर बसून राहायचं, फोनची वाट बघत.

"बाबा? गेला का आवाज?"

"येऊ नकोस."

"काय?"

"रविवारी येऊ नकोस. खोलीचं काम काढलंय. भिंती पाडल्यात."

"मग मी बाकावर झोपेन. काकूंकडे झोपेन. बाबा, तिकीट काढलंय मी."

"परत कर. आणि ऐक. हा सरडा मी मासेवाल्याला देऊन टाकतोय. म्हातारा झालाय, मला होत नाही आता. तेव्हा रोज रोज फोन नको करत जाऊस. बघायला काही राहणार नाही."

मशीन थांबलं होतं. शिंपीणबाई पाय तसाच ठेवून त्याच्याकडे बघत होती.

"मी सरड्यासाठी फोन करत होते का, बाबा?" लेक म्हणाली.

तिचं तोंड काचेवर अगदी जवळ आलं होतं, रडायच्या आधी होतं तसं. कडकच्या कानाच्या पाळीला, उजव्या, ऊन लागल्यासारखं झालं. त्याने फोन छातीशी दाबला, अंगठ्याने चाचपून बंद केला, आणि मग बाजूची कळ तोपर्यंत दाबून ठेवली जोपर्यंत काच पूर्ण विझत नाही.

"कडकराव," शिंपीणबाई म्हणाली, "काय केलंत हे?"

"काही नाही."

"पोर येत होती तुमची."

"हो. येत होती."

ती आणखी काही विचारणार होती, पण त्याचं तोंड बघून तिने मशीनवर मान घातली. सुई पुन्हा चालायला लागली. पिंजऱ्यात सरडा पाय मोजत परत वळत होता, दाराकडून मशीनकडे, मशीनकडून बाकाकडे, आणि बाकाशी येऊन थांबला. अजून काळाच होता. कडक दारातच थोडा वेळ उभा राहिला. मग आत आला, बाकाच्या टोकाला बसला, आणि जरा सरकून बसला, शेजारी एकाला नीट मावावं एवढा.